मूळव्याध: सकाळी जाऊन संध्याकाळी परत

अक्कलकोटहून सोलापूर सुमारे 40 किलोमीटर. शौचावाटे रक्त पडणारा माणूस तेवढं अंतर कापायला कधीकधी वर्षं लावतो. दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नाही, आणि ऑपरेशनची धास्ती. ती धास्ती अगदीच पोकळ नाही. मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत मोड कापून जखम उघडी ठेवतात; पुढचे काही आठवडे शौचाला बसायचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो.

पण बहुतेकांवर ती वेळ येतच नाही. मोड आतच असतील किंवा बाहेर येऊन पुन्हा आत जात असतील, तर औषधं आणि पोट साफ ठेवण्यापलीकडचा पहिला पर्याय म्हणजे बँडिंग. मोडाच्या मुळाशी घट्ट रबरी कडं चढवतात. रक्तपुरवठा तुटतो, मोड सुकतो आणि आठ-दहा दिवसांत गळून पडतो. गुदमार्गात एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचल्या-कापल्याची वेदना कळत नाही. म्हणून भूल लागत नाही, आणि म्हणूनच कडं त्या रेषेच्या बरंच वर बसावं लागतं. खाली बसलं, तर रुग्ण टेबलावरच कळवळतो. एरवी दिवस-दोन दिवस जडपणा राहतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. नंतर ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं वाढत गेलं, तर तडक दवाखाना गाठायचा.

मोड लहान असले, तर ते सुकवणारं इंजेक्शनही चालतं. जाहिराती मात्र लेझरच्या. लेझरने दुखतं कमी हे खरं, पण खर्च मोठा आणि दीर्घकाळचा पुरावा अजून तोकडा. डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्राने मोडाची धमनी शोधून बांधण्याची पद्धत ब्रिटनमध्ये बँडिंगशी ताडून पाहिली गेली; निष्कर्ष 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. वर्षभरात त्रास उलटला तो बँडिंगनंतर 49 टक्क्यांना, धमनी बांधल्यावर 30 टक्क्यांना. आकडा बँडिंगच्या विरोधात दिसतो खरा, पण धमनी बांधायला भूल लागते, दुखतं जास्त, पैसेही जास्त. आणि बँड पुन्हा लावता येतो. मी तरी आधी बँडिंगचंच विचारीन.

कडक भाकरीला उगाच दोष देऊ नये. ज्वारीत चोथा आहे. कमी पडतं ते पाणी, आणि नडतं ते कुंथत बसणं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही उपचाराआधीची: आत नीट पाहून घेणं. रक्त फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं, असू शकतं, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचंही. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदा रक्त दिसलं, वजन उतरू लागलं किंवा शौचाची सवय बदलली, तर मोड दिसत असले तरी डॉक्टरांना दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारावं.