सर्व्हरवरच्या पॅकेजची निगा

सर्व्हरवर सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी बसवता येते. एक तऱ्हा अशी की मूळ कोड उतरवून घ्यायचा, त्याच यंत्रावर कंपाइल करायचा आणि तयार झालेल्या फाइली जागच्या जागी टाकायच्या. काम तासाभरात होते, पण कोणती फाइल कुठे गेली याची नोंद यंत्राकडे राहत नाही. दोन वर्षांनी ते सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की सगळी भिस्त बसवणाऱ्याच्या आठवणीवर असते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून तोवर तो माणूस पुण्या-मुंबईला गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. दुसरी तऱ्हा पॅकेजची. पॅकेजमध्ये फाइलींसोबत त्यांची यादी असते, आवृत्तीचा क्रमांक असतो, कोणती दुसरी पॅकेजेस आधी लागतील ते लिहिलेले असते आणि बसवताना-काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्टही असतात. त्यामुळे जे बसवले ते पूर्ण काढता येते, आणि कुठली फाइल कोणत्या पॅकेजची हे एका आज्ञेत कळते.

मुक्त स्रोत सर्व्हरच्या जगात पॅकेजची दोन मोठी घराणी आहेत. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली. डेबियन आणि तिच्यावर उभी असलेली उबुंटू यांत डेब पॅकेज चालते. रेड हॅटने १९९५ च्या सुमारास आरपीएम आणले. फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, रॉकी आणि अल्मा ही त्या घराण्यातली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत आणि ती बहुतांशी स्वयंसेवकांनी सांभाळलेली आहेत.

इतके सगळे आयते मिळत असताना स्वतःचे पॅकेज बांधायची गरज का पडते? याची कारणे थोडी आहेत, पण सगळी खरी आहेत. हवे ते सॉफ्टवेअर वितरणात नसते. असते तर जुनी आवृत्ती असते. किंवा आवृत्ती योग्य असूनही एखादी स्थानिक दुरुस्ती हवी असते. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांतल्या एखाद्या महाविद्यालयाने शुल्काच्या पावत्या मराठीत पीडीएफ करून देणारा छोटा प्रोग्राम लिहिला असे धरले, तर तो कोणत्याही वितरणात आयता मिळणार नाही. त्याचे पॅकेज महाविद्यालयालाच करावे लागेल.

या उदाहरणात पहिली अडचण फाँटची येते. सर्व्हरला पडदा नसतो, म्हणून त्यावर बहुधा देवनागरी फाँट बसवलेला नसतो. कार्यालयातल्या संगणकावर सुबक दिसलेली पावती सर्व्हरवरून निघाली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. म्हणून पॅकेजच्या अवलंबनांत, म्हणजे आधी लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, देवनागरी फाँटचे पॅकेज नावानिशी लिहावे लागते. इथे लोहित फाँट कामाला येतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि त्यांची पुढची देखभाल बराच काळ पुण्यातूनच झाली. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाहून वेगळे असल्याने लोहितचे मराठीसाठी स्वतंत्र पॅकेजही आहे. अवलंबनांतली ती एक ओळ राहून गेली, तर पॅकेज बसते, चाचणीत पास होते आणि पहिल्या विद्यार्थ्याच्या हातात चौकोनांची पावती पडते.

बांधणीचा पहिला नियम असा की ती कामाच्या यंत्रावर करू नये. बांधणाऱ्याच्या संगणकावर आधीच असलेले एखादे सॉफ्टवेअर नकळत वापरले जाते आणि पॅकेज दुसरीकडे चालत नाही. त्यासाठी डेबियनमध्ये एसबिल्ड आणि फेडोरात मॉक ही साधने आहेत. ती दर वेळी कोरे वातावरण उभे करतात आणि जे जाहीर केले आहे तेवढेच त्यात घालतात. मूळ कोडमध्ये केलेले बदल कोडमध्ये मिसळून टाकायचे नसतात. प्रत्येक बदल वेगळ्या पॅच फाइलमध्ये, कारणासह ठेवायचा असतो. नवी आवृत्ती आली की कोणता पॅच अजून लागतो आणि कोणता मूळ लेखकांनी स्वीकारला, हे तेव्हाच तपासता येते.

आवृत्तीचा क्रमांक वरवर किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. स्थानिक पॅकेजचा क्रमांक वितरणाच्या आजच्या क्रमांकापेक्षा मोठा हवा, म्हणजे ते बसेल. पण वितरणाच्या पुढच्या क्रमांकापेक्षा लहान हवा, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती आली की ती स्थानिक पॅकेजवर मात करेल. डेबियनमध्ये मूळ क्रमांकापुढे अधिकचिन्ह आणि स्थानिक नाव जोडून हे बहुधा साधते. नागमोडी टिल्ड चिन्ह उलटे काम करते: ते लावलेली आवृत्ती न लावलेलीपेक्षा लहान धरली जाते, म्हणून अंतिम आवृत्तीच्या आधीच्या चाचणी आवृत्तीला ते लावतात. क्रमांकाच्या आधी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन युगांकही जोडता येतो, आणि मग १:०.१ हा क्रमांक ९९.० पेक्षाही मोठा ठरतो. घाईत तो वापरण्याचा मोह होतो. पण एकदा लावलेला युगांक काढता येत नाही, आणि युगांक लावलेल्या स्थानिक पॅकेजपुढे वितरणाची सुरक्षा दुरुस्ती लहान ठरून बाहेरच राहते. स्थानिक पॅकेजला युगांक लावू नये, हेच बरे.

सुरक्षा दुरुस्तीची रीतही समजून घ्यायला हवी. स्थिर वितरण नवी आवृत्ती आणत नाही. जुन्याच आवृत्तीत तेवढी दुरुस्ती आणून बसवते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा मूळ लेखकांनी १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियन ७ ने मात्र १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिच्यात दुरुस्ती घातली. नुसता क्रमांक पाहून तपासणी करणारे साधन अशा सर्व्हरला अजून सदोष म्हणते. दुरुस्ती झाली की नाही ते पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये पाहावे लागते, म्हणून स्थानिक पॅकेजचा चेंजलॉगही नेमका लिहिणे हा सांभाळणाऱ्याचा धर्म आहे.

स्थानिक पॅच किती महाग पडू शकतो याचे सर्वांत गंभीर उदाहरण डेबियनमध्येच आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलचे पॅकेज सांभाळणाऱ्याने, स्मृती तपासणाऱ्या एका साधनाच्या इशाऱ्यामुळे, मूळ कोडमधल्या मोजक्या ओळी निष्क्रिय केल्या. त्या ओळी यादृच्छिकता गोळा करत होत्या. त्यानंतर किल्ली बनवताना केवळ प्रोसेसचा क्रमांक बदलता राहिला, आणि एका प्रकारच्या किल्लीसाठी ३२,७६८ च शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांनी हे शोधून काढेपर्यंत जवळपास दोन वर्षे डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या अंदाजाने काढता येत होत्या. त्या सगळ्या नव्याने कराव्या लागल्या. पॅच मूळ लेखकांकडे रीतसर पाठवून त्यांची संमती घेणे ही औपचारिकता नाही, हे त्या घटनेने जगाला शिकवले.

मार्च २०२४ मधले एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या लायब्ररीचे प्रकरण दुसऱ्या बाजूने तेच सांगते. अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले आणि माग काढताना ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेली चोरवाट सापडली. ती कार्यान्वित करणारा भाग मूळ गिट भांडारात नव्हता. प्रकाशित केलेल्या टारबॉलच्या बांधणी स्क्रिप्टमध्ये होता. शिवाय ओपनएसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरत नाही. सिस्टमडीशी जोडण्यासाठी वितरणांनी घातलेल्या पॅचमुळे ती आत आली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती. नवे ते लगेच घ्यावे, ही घाई स्थानिक पॅकेज बांधणाऱ्याने म्हणूनच आवरायला हवी.

आधार घेतलेले वितरण संपते तेव्हा कामाचा मोठा लोंढा येतो. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ पर्यंत मानली जात होती; डिसेंबर २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर २०२१ वर आणली गेली. सेंटओएस ७ ३० जून २०२४ रोजी संपले. त्याच्यासोबत पीएचपी ५.४ येत असे आणि तिच्यावर बेतलेले जुने कोड अनेक ठिकाणी चालू होते. नव्या वितरणावर पीएचपीची हवी ती आवृत्ती मिळवायला आरपीएम घराण्यात रेमी कोले यांची आणि डेबियन-उबुंटूवर ओंद्रेज सुरी यांची रिपॉझिटरी जगभर वापरली जाते. एवढे मोठे ओझे मोजक्या माणसांच्या खांद्यावर असणे चांगले नाही. पण त्यांनी ते वर्षानुवर्षे पेलले आहे, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे.

तयार पॅकेजेस स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवतात. डेबसाठी रेप्रेप्रो किंवा ॲप्टली, आरपीएमसाठी क्रिएटरेपो ही साधने पुरतात, आणि साधा वेब सर्व्हर असला की झाले. रिपॉझिटरीवर सही करणारी जीपीजी किल्ली मात्र त्या वेब सर्व्हरवर ठेवू नये. तिची प्रत आणि परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. एकाच्या बदलीबरोबर किल्ली गेली तर सगळ्या यंत्रांवर नवी किल्ली पोहोचवावी लागते. खान्देशातल्या दोन-चार महाविद्यालयांनी मिळून एक रिपॉझिटरी चालवली, तर एकाचे श्रम सर्वांना उपयोगी पडतील आणि देखभाल एका माणसावर अडणार नाही.

स्थानिक गरज नेहमी स्थानिक पॅकेजमध्येच अडकून राहावी असेही नाही. जीलिब्सी या मूळ लायब्ररीत प्रत्येक भाषेची एक लोकेल फाइल असते: महिन्यांची आणि वारांची नावे, तारीख लिहायची पद्धत, होय-नाहीचे शब्द, अक्षरांचा क्रम. तिच्यात मराठी आहे. धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात बोलली जाणारी भिलीही देवनागरीत आहे. खान्देशात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासंकेत मिळालेला आहे, पण तिची लोकेल नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अहिराणीच्या जाणकारांसोबत बसून ती फाइल लिहावी आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. ती स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीपासून सर्व वितरणांच्या पॅकेजांतून ती मिळू लागेल.