मागील ॲक्सलचा आवाज : जुन्या मोटारगाडीच्या दोषनिदानाची पद्धती

जीर्णोद्धार केलेली जुनी मोटारगाडी प्रथमच रस्त्यावर येते, तेव्हा तिच्या मागील भागातून सलग गुणगुण अथवा घरघर ऐकू येणे हा वारंवार येणारा अनुभव आहे. अशा वेळी तात्काळ ॲक्सल उघडण्याकडे प्रवृत्ती असते. परंतु ती बहुधा घातक ठरते. क्राउन व्हील व पिनियन ही जोडी कारखान्यातच एकत्र घासून जुळविलेली असते आणि पुढे हजारो मैलांच्या धावेत तिचे दात परस्परांस सरावतात. ही जुळणी एकदा विस्कटली म्हणजे पूर्ववत होणे कठीण. तेव्हा ॲक्सल न उघडता आवाजाचे मूळ कितपत निश्चित करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ नावाचे एक अंग आहे. कशाने त्रास शमतो व कशाने वाढतो, यावरून रोग ओळखावयाचा, हे त्याचे तत्त्व होय. येथेही तेच उपयोगी पडते. वेग आणि भार हे दोन घटक एकेक करून बदलावेत व आवाज कसा बदलतो ते पाहावे.

उदाहरणादाखल इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही गाडी घेऊ. तिच्या पिनियनला ११ व क्राउन व्हीलला ४३ दात असतात. म्हणजे गुणोत्तर ३.९०९ येते. चाकाचा परिघ सुमारे १.८८ मीटर धरल्यास ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक दर सेकंदास ११.८ फेरे घेते, प्रॉपेलर शाफ्ट सुमारे ४६ फेरे घेतो आणि दातांच्या सुमारे ५०८ भेटी घडतात. यावरून दातांचा दोष स्पष्ट सुराच्या रूपाने कानी येईल, तर शाफ्टचा असमतोल ४६ कंपनांच्या थरथरीने अंगास जाणवेल, हे उघड आहे. युनिव्हर्सल जॉइंटमुळे उद्भवणारी थरथर बहुधा याच्या दुप्पट, म्हणजे ९२ कंपनांची असते. वेग निम्मा केला की दातांचा सूर एक सप्तक खाली उतरतो. तोच वेग कायम ठेवून चौथ्याऐवजी तिसरा गिअर घातल्यास इंजिनाचा सूर चढतो. ॲक्सलचा मात्र बदलत नाही. एवढ्या एका परीक्षेने इंजिन निराळे काढता येते.

यानंतर भाराचा विचार. इंजिन गाडी ओढत असता पिनियनच्या दातांची एक बाजू दाब घेते. पेडल सोडले म्हणजे चाकेच इंजिनास फिरवू लागतात व दाब दुसऱ्या बाजूवर जातो. केवळ ओढताना अथवा केवळ पेडल सोडल्यावर उमटणारा सूर त्या त्या बाजूचा दोष दाखवितो. पिनियनच्या बेअरिंगचा आवाजही भाराप्रमाणे बदलतो, परंतु त्यात सुरापेक्षा खरखर अधिक असते. चाकाच्या बेअरिंगची घरघर पेडलाची फारशी दखल घेत नाही. मात्र वळणावर भार बाहेरच्या चाकाकडे सरकताच ती बदलते. रस्त्याचा पृष्ठभाग पालटताच पालटणारा आवाज टायरचा समजावा. गाडी सुटताना होणारा एकच ठोका हा निराळा प्रकार आहे. त्याचे मूळ डिफरन्शियलमधील झिजलेल्या वॉशरांत, युनिव्हर्सल जॉइंटमध्ये किंवा तारांच्या चाकांच्या झिजलेल्या खाचांत शोधावे.

जीर्णोद्धारातूनही काही दोष निर्माण होतात, हे विसरता कामा नये. गाडी वर्षानुवर्षे दमट जागी उभी राहिल्यास बेअरिंगच्या रोलरांखाली गंज धरतो. दोन भिन्न जोड्यांतील क्राउन व्हील व पिनियन एकत्र बसविले जातात. एमजीबीच्या नंतरच्या, नळीसारख्या घडणीच्या ॲक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगांवरील ताण एका चेपणाऱ्या नळीवर अवलंबून असतो. तेलाचे सील बदलताना नट मूळ स्थितीपेक्षा अधिक आवळला गेल्यास तो ताण वाढून बेअरिंगे निकामी होतात. म्हणून नट सोडण्यापूर्वी त्यावर खूण करणे अवश्य आहे.

जॅकवर केलेल्या परीक्षेस मर्यादा आहेत, कारण तेथे दातांवर रस्त्यासारखा भार येत नाही. त्यातही एकच चाक उचलून इंजिन चालविणे अयोग्य होय. गाडी जॅकवरून निसटण्याचा धोका तर असतोच. शिवाय मोकळे चाक दुप्पट वेगाने फिरते आणि डिफरन्शियलमधील लहान गिअर विनाकारण झिजतात.

तात्पर्य, प्रथम तेलाची पातळी व प्रकार, टायर आणि शाफ्टचे बोल्ट तपासावेत. नंतर वेग व भार बदलून आवाजाची नोंद करावी. आज भ्रमणध्वनीवरही कंपनसंख्या मोजता येत असल्याने वरील गणिताचा पडताळा सहज पाहता येतो. मूळ निश्चित झाल्यावरच ॲक्सल उघडावा. खरखर अथवा ठोका वाढत असेल तर विलंब करू नये. परंतु तेल योग्य असता जुन्या जोडीचा मंद सूर महिनोन्‌महिने तसाच राहत असेल, तर तिला हात न लावणे हीच पुष्कळदा उत्तम चिकित्सा ठरते.