जब्याचा दगड आणि दोन तट

'फँड्री' (कैकाडी बोलीत डुक्कर) हा चित्रपट लागला तो 14 फेब्रुवारी 2014 ला, प्रेमाच्या दिवसाचा मुहूर्त साधून. अजय-अतुलचं विंचवाचं गाणं तोवर सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. लोक प्रेमकथा बघायला गेले आणि गाणं काही चित्रपटात आलं नाही. ते नुसतं प्रसिद्धीसाठी केलेलं होतं. आत होता कैकाडी घरातला जब्या, वर्गातल्या शालूकडं चोरून बघणारा. शेवटी त्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो.

पहिली तक्रार तिथूनच सुरू झाली: हा कसला शेवट? दुसरी जरा दबक्या आवाजातली: आता कुठं राहिलीय जात, कशाला उकरून काढायची? उलट बाजूचे म्हणत होते, आमचं लहानपण पहिल्यांदाच कुणीतरी जसंच्या तसं दाखवलं. तिसराही एक सूर होता, त्याकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही: डुकरामागं धावणारं घर पडद्यावर आणून आमचीच शोभा का करता? पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी हे तट काही मिटले नाहीत.

माझ्या मते वादाचं मूळ दगडात नाही, शाळेत आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी शाळेला खलनायक केलेलं नाही, आणि तेच जास्त टोचतं. गुरुजी मारकुटे नाहीत. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. सगळं जिथल्या तिथं आहे. जत्रा तोंडावर आली म्हणून जब्याच्या घरादाराला डुकरं धरायला लावतात, तेही शाळेच्या आवाराला लागून, आणि सोबत शिकणारी पोरं कुंपणाशी उभी राहून हसतात. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग बापही. हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. या प्रसंगाला थिएटरात काही जण खळखळून हसले, काहींना हसणाऱ्यांचा राग आला. एकाच अंधारात बसून दोन वेगळे चित्रपट बघितल्यासारखं झालं.

लोहाऱ्याच्या माणसाला जब्याच्या गावाचा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. 1993 च्या भूकंपात सास्तूरसारखी आपल्या तालुक्यातली गावं भुईसपाट झाली. नवी गावं वसवताना जुनी गल्ली, जुना वाडा मोडायची संधी होती. पण घरं वाटली गेली ती जमिनीच्या मापानं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. कारकुनी हिशेबात ते सोयीचं असेल. पण ज्याच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, त्याची पायरी नव्या गावातही ठरूनच आली.

कागदाचा घोळ आणखी वेगळा. कैकाडी समाज विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो. आपल्या धाराशिवमध्ये तोच विमुक्त जातीत. म्हणजे जब्याचं घर नागपूरकडं असतं तर दाखला निराळा, सवलती निराळ्या. हसणारी पोरं मात्र तीच असती.

चित्रपटात खोट नाही असं नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, हा धागा मला लांबलेला वाटला; स्वतः मंजुळेंनी केलेला चंक्याही कधीकधी कथेच्या वाटेत येतो. ज्यांना शेवट अर्धवट वाटला त्यांच्याशी मात्र मी सहमत नाही. किशोर कदमांनी केलेला जब्याचा बाप कचरू आयुष्यभर मान खाली घालून जगलेला आहे. पोरानं दगड उचलला इथंच दोन पिढ्यांमधला फरक सांगून होतो. पुढं काय झालं ते दाखवलं असतं तर पोलीस, पाटील, माफी यातच आपण अडकलो असतो.

शोभा होते म्हणणाऱ्यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 साली आलं; कैकाडी पोराची शाळा त्यात त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. पुस्तक वाचणारा एकटा वाचतो, चित्रपट मात्र शेजारी बसलेल्यासोबत बघावा लागतो. वर्गात एकच जब्या असेल आणि मास्तरांनी सगळ्यांना 'फँड्री' दाखवायचं ठरवलं, तर मधल्या सुट्टीत त्या पोराला कोणत्या नावानं हाक मारली जाईल, याचा विचार आधी मास्तरांनी करायला हवा.