फोटोतल्या माणसांची नावं : मिशनच्या जुन्या छायाचित्रांकडे कसं पाहायचं?

आजचा विषय आहे मिशनरी लोकांनी काढलेले जुने फोटो. लग्नाचे, शाळेचे, दवाखान्याचे, बंगल्याच्या व्हरांड्यात चहा घेतानाचे. बारामतीत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारामती, दौंड, श्रीगोंदे या पट्ट्यात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचं मिशन काम करत होतं. दौंडहून पुण्याकडे निघालं की केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. उत्तरेला अहमदनगर, तिथे १८३१पासून अमेरिकन मराठी मिशन. या सगळ्या ठिकाणी कॅमेरा आला तो बऱ्याचदा मिशनबरोबर. ज्या काळात आपल्या गावातल्या साध्या माणसाचा फोटो निघणं ही मोठी गोष्ट होती, त्या काळात मिशनच्या अंगणात शाळेची पोरं, शिक्षक, आया, माळी यांचे फोटो निघत होते. त्यातले कितीतरी आज परदेशातल्या अल्बमांत आणि संग्रहांत आहेत. फोटोत माणसं आपली आणि फोटो दुसऱ्यांकडे, असा हा प्रकार आहे.

असा फोटो समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो. हा कुणासाठी काढला? कसा काढला? आणि यात नाव कुणाचं लिहिलंय?

पहिला प्रश्न घेऊ. मिशनचा खर्च चालायचा मायदेशातल्या देणग्यांवर. मिशनरी रजेवर घरी गेला की चर्चमधून व्याख्यानं द्यायचा, आणि सोबत असायचा मॅजिक लँटर्न. म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठं करून दाखवायचं यंत्र. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जे खेळ सुरू केले, तेच तंत्र. पटवर्धन त्यातून कथा दाखवायचे, मिशनरी गरज दाखवायचा. समोरच्या माणसाचा हात खिशाकडे गेला पाहिजे, हा हिशेब त्यात होताच.

म्हणून दोन प्रकारचे फोटो पुन्हा पुन्हा दिसतात. एक दुष्काळातला : हाडं वर आलेली मुलं. दुसरा त्यानंतरचा : तीच किंवा तशीच मुलं, तेल लावून केस विंचरलेले, हातात पाटी. १८९६-९७ आणि १९०० या दोन्ही दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला आणलं. ही मदत खरी होती, जीव वाचले हेही खरं. पण त्या उपाशी पोरीला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुझा असा फोटो काढू का? मदत खरी आणि फोटो अवघड, या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवायला आपण शिकलं पाहिजे.

त्याच केडगावचे वेगळे फोटोही आहेत, त्यात बायका काम करताना दिसतात. छापखाना, हातमाग, शेत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. रमाबाई १९२२मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं. खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायका-मुलींनी केली. ज्यांना घरादाराने टाकलं होतं, त्यांतल्या कुणी अक्षरं जुळवतेय. असा फोटो पाहिला की दया नाही येत, आदर वाटतो. एकाच संस्थेचे दोन फोटो आपल्याला दोन निराळ्या जागी उभं करतात.

आता दुसरा प्रश्न, कसा काढला? जुन्या फोटोत सगळे एवढे गंभीर का असतात, असं पोरं विचारतात. कॅमेऱ्याची भीती हे अर्धं उत्तर झालं. १८५० ते ८०च्या काळात काचेवर ओला थर देऊन फोटो काढत, आणि कित्येक सेकंद हलायचं नाही. एवढा वेळ हसू टिकवून दाखवा बरं! मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधारसुद्धा असायचा. १८८०च्या सुमारास कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या, १८८८मध्ये कोडॅकचा रोलचा कॅमेरा आला आणि १९०० साली ब्राउनी, किंमत एक डॉलर. मग कॅमेरा फोटोग्राफरकडून मडमसाहेबांच्या हातात आला. रोजच्या जगण्याचे फोटो वाढतात ते इथून पुढे. विहिरीवरचा रहाट, बैलगाडी, पळताना पुसट झालेलं पोर. फोटोत असा मोकळेपणा दिसला, तर तो बहुधा या काळानंतरचा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

आणि फोटो खोटं बोलत नाही, हे तर डोक्यातून काढून टाका. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर होता. १८६३ आणि १८६६मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात माणसं एका जागी उभी करून फोटो काढलेला आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असे जोडलेले फोटो आहेत. कॉम्प्युटर नसताना! म्हणजे ‘हे लोक इथे असे राहतात’ ही कल्पना आधी तयार होती, फोटो तिच्या मापाने बेतला.

तिसरा प्रश्न नावाचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

लग्नाचा फोटो घ्या. मिशनरी नवरा-नवरी मध्ये, पांढरा झगा, फुलं, बाजूला इतर मिशनरी. मागच्या रांगेत किंवा खाली जमिनीवर आपली माणसं : पाळक, शिक्षक, बायबलबाई, आया. फोटोखाली गोऱ्या माणसांची नावं आडनावासकट. आपल्या माणसांसाठी काय? ‘नेटिव्ह शिक्षक’, ‘आमची आया’, ‘काही ख्रिस्ती बायका’. मिशनचं मराठी काम त्या बायबलबाईने गावोगाव फिरून चालवलं, आणि फोटोत ती ‘काही बायका’मधली एक.

इथे दुसरं कागदपत्र मदतीला येतं. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नाची नोंद रजिस्टरात होते : नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव, आणि सह्या, साक्षीदारांच्यासुद्धा. म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती जोडप्याच्या लग्नाचा फोटो असेल, तर जे फोटो सांगत नाही ते रजिस्टर सांगतं. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंकही त्या समाजाची माहिती देतात. आणि घरात काय चाललं होतं हे कळायला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर सोवळ्याओवळ्याचा, जेवणाखाण्याचा जो झगडा त्यांच्या मनात चालला, तो कुठल्याच कॅमेऱ्याला दिसला नसता.

आता जरा चीनकडे जाऊ, कारण चीनमधल्या मिशनच्या फोटोंची कहाणी आपल्याला काहीतरी शिकवते. तिथेही तेच : लग्नं, शाळा, दवाखाने, खाली बसलेली बिननावाची माणसं. चायना इनलँड मिशनचे लोक तर चिनी पोशाख घालायचे, त्यामुळे फोटो पाहताना पहिल्यांदा फसायला होतं. १९४९नंतर थोड्या वर्षांत मिशनरी तिथून गेले. पुढे १९६६ ते ७६च्या सांस्कृतिक क्रांतीत जुने फोटो घरात ठेवणंच धोक्याचं झालं आणि कितीतरी चिनी कुटुंबांनी आपले अल्बम स्वतःच्या हाताने नष्ट केले. मग झालं असं, की परदेशी लोकांच्या पोटमाळ्यावर पडलेले फोटो चिनी लोकांच्या स्वतःच्या इतिहासाचा मोठा आधार ठरले. ब्रिस्टल विद्यापीठाने चीनचे असे फोटो गोळा करून इंटरनेटवर खुले केलेत. मिशनच्या फोटोंचा एक मोठा संग्रह दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही आहे.

पण चीन म्हटल्यावर आपल्याला आठवतात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. तेही मिशनच, फक्त धर्माचं नव्हे. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस. छिंगलान शान्शी प्रांतातल्या फेनयांगच्या. त्या फेनयांगला अमेरिकन बोर्ड या संस्थेचं मिशन होतं, आणि अहमदनगरचं मिशन चालवणारी संस्थाही तीच! जग असं छोटं असतं.

आता एक गंमत करा. कोटणीसांचे चीनमधले फोटो पाहताना तुमची नजर कुठे जाते? आपल्या माणसाकडे. बाजूच्या चिनी परिचारिका, शिपाई, रुग्ण यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत का? नाहीत. आपण विचारतही नाही. म्हणजे मिशनऱ्यांनी आपल्या आयाबायांचं जे केलं, ते आपण त्या चिनी माणसांचं करतो. कॅमेरा कुणाचा यापेक्षा पाहणाऱ्याला कुतूहल कुणाचं, यावर नाव टिकतं. म्हणून नुसती तक्रार करून भागणार नाही.

याच बारामतीचं एक उदाहरण सांगतो. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती काढल्या, काही चालवायला मिशनकडे दिल्या. बारामतीतही अशी वसाहत होती. अशा वसाहतींच्या फोटोंखाली पोराच्या नावाऐवजी ‘गुन्हेगार जमातीतील मूल’ असं लिहिलेलं असतं. कायदा १९५२ साली गेला, फोटोखालची ओळ मात्र तशीच आहे. ती ओळ खोडू नका, तो पुरावा आहे. पण फोटो पुढे पाठवताना तिलाच त्या पोराची ओळख करू नका. खरं नाव सापडलं तर शेजारी लिहा.

शेवटी कामाचं बोलतो. घरी जाऊन ट्रंक उघडा. फोटो अल्बममधून सोडवू नका, कारण कुठल्या फोटोनंतर कुठला लावलाय, तीही माहितीच असते. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, बॉलपेन अजिबात नको. लॅमिनेशन करू नका. मोबाइलवर फोटो घेताना मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. ‘हे कोण?’ एवढंच विचारा आणि बोलणं रेकॉर्ड करा. ओळख पटते ती कधी नथीवरून, कधी बसण्याच्या ढबीवरून. आपल्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली गावं गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ पुन्हा दिसतं. आजीच्या डोक्यातली नावं अशी पुन्हा वर येत नाहीत.

परदेशातले संग्रह आता इंटरनेटवर खुले होताहेत. तिथे गाव लिहिलंय, साल लिहिलंय, फोटो नीट जपलाय. नसतं ते फक्त आपल्या माणसाचं नाव, आणि ते इथे आहे, बारामतीत, दौंडात, इंदापुरात. हे दोन अर्धे भाग जोडायला फार तर दहा-पंधरा वर्षं आपल्या हातात आहेत. तेवढ्यात जमेल तितकं करू या.