हलक्या धातूंचे रूपण

हलक्या धातूंचे रूपण म्हणजे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम यांसारख्या कमी घनतेच्या धातूंना घन अवस्थेतच बल लावून इच्छित आकार देण्याची प्रक्रिया होय. लाटणे, वाकवणे, घडाई, पत्रा साच्यात ओढून खोलगट करणे आणि बहिःसारण या तिच्या प्रमुख पद्धती आहेत. धातूचे तापमान आणि हत्याराची घडण यांचा मेळ बसला, तरच वस्तू निर्दोष होते.

तापमानाचा परिणाम

धातूतील स्फटिकांचे थर परस्परांवरून सरकल्यामुळे त्याला आकार देता येतो. ॲल्युमिनियमच्या घनाकार स्फटिकरचनेत सरकण्याचे मार्ग पुष्कळ असल्याने ते थंड असतानाही वाकते. मॅग्नेशियमच्या षट्कोनी रचनेत सामान्य तापमानाला असे मार्ग मोजकेच असतात. त्यामुळे त्याचा थंड पत्रा तीव्र वळणावर तडकतो. सुमारे २२५° से.च्या वर नवे मार्ग खुले होतात व तोच पत्रा सहज वळतो.

थंड ॲल्युमिनियम ठोकत गेल्यास ते कठीण होते. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ३४५° से.पर्यंत तापवल्यास पुन्हा मऊ पडते. मात्र ते ६६०° से.ला वितळते आणि लोखंडाप्रमाणे लाल होऊन आधी इशारा देत नाही. म्हणून काही कारागीर पत्र्यावर साबण घासतात व तो काळपट होताच आच थांबवतात. कारखान्यांत हे काम थर्मोकपलने होते.

हत्याराचा परिणाम

भांड्यासाठी पत्रा ओढताना साच्याच्या कडेची गोलाई फार लहान असल्यास पत्रा फाटतो. फार मोठी असल्यास सुरकुत्या पडतात. ॲल्युमिनियमची लवचिकतेची मापांक-संख्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे वाकवलेला पत्रा दाब काढताच अधिक उलट फिरतो व ठसा जादा कोनात करावा लागतो. ॲल्युमिनियम पोलादी साच्याला चिकटून ओरखडे पाडते. म्हणून गुळगुळीत पृष्ठभाग व वंगण आवश्यक असते.

बहिःसारण

खिडक्यांच्या चौकटींसाठी ६०६३ ही मिश्रधातू सामान्यतः ४५०° ते ५००° से.पर्यंत तापवून साच्यातून दाबली जाते. साचाही आधी तापवतात; थंड साचा धातूची उष्णता शोषून घेतो, दाब वाढतो आणि साचा भंगू शकतो. उलट वेग वाढवल्यास घर्षणाने धातू अतितप्त होऊन त्याच्या पृष्ठभागावर चिरा पडतात. आकाराचा जाड भाग लवकर पुढे सरकतो. म्हणून तेथे साच्याचा घर्षणपट्टा लांब ठेवून त्याची गती रोखतात.

नागपुरातील संशोधन

अमरावती मार्गावरील वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र आहे. केंद्रीय खाण मंत्रालय व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने १९८९ मध्ये त्याची स्थापना झाली. बॉक्साइटपासून तयार मिश्रधातूपर्यंतचे संशोधन येथे चालते.