स्क्रिप्ट चालू, माऊस गप्प

हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री अहवाल काढायचा असेल, तर ऑटोहॉटकीत लिहिलेली स्क्रिप्ट माणसाच्या जागी माऊस हलवते, बटणं दाबते. त्याच कॉम्प्युटरवर बसून चालवली तर काम बिनबोभाट होतं. नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पीएसएक्झेक या दुरून प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाने सुरू केली, की टास्क मॅनेजरमध्ये ती चालू दिसते, पडद्यावर मात्र काहीच हलत नाही. विंडोजला शिव्या घालण्याआधी हे लक्षात घ्यावं की ही भिंत मुद्दाम बांधलेली आहे. विंडोज एक्सपीच्या काळात पार्श्वभूमीवरच्या सेवा आणि पहिला लॉगिन झालेला माणूस एकाच सेशनमध्ये असत. त्यामुळे साधा प्रोग्रामही एखाद्या सेवेच्या विंडोला संदेश पाठवून तिचे अधिकार बळकावू शकत असे. 2002 मध्ये हा 'शॅटर' हल्ला बराच गाजला. विंडोज व्हिस्टापासून शून्य क्रमांकाचं सेशन फक्त सेवांसाठी राखलं गेलं. तिथला डेस्कटॉप कोणाला दिसत नाही आणि पीएसएक्झेक सेवेमार्फतच काम करत असल्याने आपली स्क्रिप्टही तिथेच जाऊन पडते.

यावर तोडगे आहेत. पीएसएक्झेकला सेशनचा क्रमांक देता येतो. पण त्यासाठी पलीकडच्या कॉम्प्युटरचे ॲडमिन अधिकार लागतात, आणि खरी जोखीम तीच. 'आमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये कोण शिरतंय?' असं म्हणणाऱ्यांनी जून 2017 आठवावा. नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर, पीएसएक्झेकचाच वापर करत कॉम्प्युटरमागून कॉम्प्युटर गिळत गेला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेवा बंदरात तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही अडलं.

मग स्क्रिप्टचा नादच सोडावा का? जुन्या सॉफ्टवेअरला बटणांखेरीज दुसरं दारच नसतं, हा आक्षेप खरा आहे. तरीही दुरून स्क्रिप्ट सुरू करायची गरज नाही. दुरून फक्त इशारा द्यावा. मर्यादित अधिकारांच्या खात्याने लॉगिन केलं की स्क्रिप्ट आपोआप सुरू होऊ द्यावी आणि तिला दर मिनिटाला एक शेअर केलेला फोल्डर तपासायला लावावं. आपण त्यात 'चालव' नावाची रिकामी फाईल टाकायची. ती दिसली की स्क्रिप्ट फाईल पुसते आणि कामाला लागते. ॲडमिनचा पासवर्ड कुठेच लागत नाही. एक अडचण उरतेच: सेशन लॉक झालं किंवा रिमोट डेस्कटॉप तोडला, की क्लिक घ्यायला पडदाच राहत नाही. म्हणजे तो कॉम्प्युटर उघडाच ठेवावा लागतो, आणि कुलूप खोलीला लावावं लागतं.