चेन्नईची इंग्रजी वृत्तवाहिनी तीन वर्षांत का थांबली?

चेन्नई शहरासाठी एनडीटीव्ही आणि ‘द हिंदू’ दैनिकाने २००९ मध्ये ‘एनडीटीव्ही हिंदू’ ही इंग्रजी वाहिनी संयुक्तपणे सुरू केली. शहरातील बातम्या आणि चर्चा हे तिचे वैशिष्ट्य होते. मात्र सन टीव्हीवरील ‘वणक्कम तमिळगम’सारख्या कार्यक्रमांमुळे तमिळ घरांतील सकाळ मातृभाषेशी आधीच जोडली गेली होती.

एका शहरापुरत्या इंग्रजी वाहिनीचा प्रेक्षकवर्ग मर्यादित असतो. साहजिकच जाहिरातींचे उत्पन्नही मर्यादित राहते. वार्ताहर, स्टुडिओ आणि केबलचालकांचे शुल्क हा खर्च मात्र टळत नाही.

२०१२ मध्ये ही वाहिनी ‘दिन तंती’ या तमिळ दैनिकाच्या समूहाकडे गेली. त्याच वर्षी तिच्या जागी ‘तंती टीव्ही’ ही तमिळ वृत्तवाहिनी सुरू झाली. बातमीला राज्यभराचा प्रेक्षक लाभला. केवळ चेन्नईला वाहिलेला पडदा मात्र मिटला.